पडद्यावरचा पाटील आणि मारुती कांबळे

गेल्या जयंतीला आमच्या वस्तीत कार्यक्रम होता. भाषणं झाली, गाणी झाली, मग एक पोरगं नकला करायला स्टेजवर आलं. खांद्यावर टॉवेल टाकला, मान थोडी तिरकी केली, एक डोळा बारीक केला, आवाज घोगरा केला, आणि म्हणालं, "बाई, वाड्यावर या." सगळा मंडप फुटला. मीही हसलो. शेजारी आमची मावशी बसली होती. वय पंच्याहत्तरच्या पुढं, सगळा जन्म दुसऱ्याच्या रानात खुरपण्यात गेला. ती हसली नाही. म्हणाली, "ह्यात हसण्यासारखं काय हाय रं?"

मला उत्तर आलं नाही. दोन-तीन रात्री डोक्यात तेच. हा मजकूर त्यातून निघाला आहे. ज्यांना निळू फुले म्हणजे फक्त त्या नकलेतला माणूस म्हणून ठाऊक आहे, त्या पोरांसाठी तो आधी आहे.

निळूभाऊंचा जन्म 1930 चा, पुण्यातला. राष्ट्र सेवा दलाच्या संस्कारात वाढलेले. पुण्याच्या सैन्यदलाच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी माळ्याची नोकरी केली. साहित्य संमेलनाच्या मांडवातून किंवा नाट्यशाळेतून हा नट आलेला नाही, हातात खुरपं-झारी धरून आलेला आहे. संध्याकाळी सेवा दलाच्या कलापथकात काम. तिथून लोकनाट्यात. शंकर पाटलांचं 'कथा अकलेच्या कांद्याची' गाजलं, आणि 1968 साली अनंत मान्यांच्या 'एक गाव बारा भानगडी'तून ते पडद्यावर आले. 13 जुलै 2009 ला पुण्यात गेले. मधल्या चाळीस वर्षांत मराठी पडद्यावर पाटील, सरपंच, चेअरमन, सावकार म्हटलं की हाच माणूस.

एक गोष्ट इथंच नोंदवून ठेवतो, कारण पांढरपेशे समीक्षक ती नोंदवत नाहीत. कलापथकाचा तो सगळा बाज, तो वग, ती बतावणी, ती हजरजबाबी, प्रेक्षकाच्या डोळ्यात डोळा घालून बोलणं, हे कुणाचं? तमाशाचं. आणि तमाशा कुणाचा? महार, मांग, कोल्हाटी फडांचा. आपल्या चळवळीतही भीमराव कर्डकांसारख्यांनी 1930 च्या दशकात हाच साज उचलला, त्यातली गण-गवळण काढली आणि आंबेडकरी जलसा उभा केला. म्हणजे निळूभाऊंची तालीम ज्या आखाड्यात झाली त्याची माती आपल्या माणसांनी मळलेली होती. हे त्यांचं उणं काढायला सांगत नाही. उलट त्यांच्या अभिनयात जी एक उघडी, गावरान, कुठल्याही शाळेत न शिकवता येणारी ताकद आहे ती कुठून आली ते कळावं म्हणून सांगतो.

आता तंबूतली गोष्ट.

आमच्या गावच्या जत्रेत तंबू टॉकीज यायची. पोतं अंथरून बसायचं. बायका एकीकडं, पुरुष एकीकडं, आणि आम्ही कुठं बसायचं ते कुणी सांगावं लागत नव्हतं. पडद्यावर निळू फुले आला की बायकांच्या बाजूनं शिव्या सुरू. "मुडदा बशिवला याचा", "आला बघ भाड्या". माझी आई आयुष्यात पाटलासमोर मान वर करून बोलली नाही, ती त्या अंधारात मोकळ्या गळ्यानं पाटलाला शिव्या द्यायची. त्या दोन-अडीच तासांत तिला जे मिळत होतं ते मी कधी हसण्यावारी नेणार नाही.

पण त्याच तंबूत पुढं, पडद्याच्या जवळ, एक घडीची खुर्ची टाकलेली असायची. तिच्यावर गावचे खरे पाटील बसायचे. आणि तेही हसायचे! पडद्यावरच्या पाटलाला लोक शिव्या देतायत, आणि खरा पाटील पान खात मजेत बघतोय. मला तेव्हा हे गौडबंगाल उमगलं नव्हतं. आज उमगतं.

त्या सिनेमातल्या पाटलाचा गुन्हा काय होता? बाई. बस. तो बाईवर डोळा ठेवायचा, तिला वाड्यावर बोलवायचा, तिच्या नवऱ्याला नाही तर भावाला छळायचा, आणि शेवटी कुणीतरी मर्द गडी त्याची खोड मोडायचा. तो नादान, तो रंगेल, तो वाईट. म्हणजे दुसरा पाटील चांगला असू शकतो. खुर्चीवरचे पाटील म्हणत असणार, "आपण काय असले नाय बुवा." आणि त्यांच्याच विहिरीवर आमच्या बायका लांब उभ्या राहून कुणीतरी वरून पाणी ओतेल म्हणून वाट बघत होत्या. ती विहीर त्या सिनेमांत कुठं होती? रानातली वेठ कुठं होती? मेलेलं ढोर ओढायला नाही म्हटल्यावर अख्ख्या गावानं दळण-किराणा बंद केला, तो बहिष्कार कुठं होता? पडद्यावर वाडा दिसला. वाड्याच्या पायऱ्या दिसल्या, झोपाळा दिसला, तक्क्या दिसला. गावकुसाबाहेरचं काही दिसलं नाही.

बाईचा छळ खोटा होता असं मी म्हणत नाही. मावशी का हसली नाही हे मला ठाऊक आहे, आणि ते मी इथं लिहिणार नाही. पण सिनेमातली बाई बहुतेक वेळा तमासगीर असायची नाही तर शेतकऱ्याची देखणी सून. वाड्यावरचं ते बोलावणं सगळ्यात जास्त वेळा, सगळ्यात कमी भीडभाड ठेवून कुठल्या वस्तीत यायचं, हे सिनेमावाल्यांना माहीत नव्हतं असं समजू नका.

मग निळू फुले यात काय करत होते? नट म्हणून बघा. त्यांच्या आधी पडद्यावरचे खलपुरुष मोठ्यानं हसायचे, मिशा पिळायचे, डोळे वटारायचे. निळूभाऊंनी आवाज खाली आणला. इतका खाली की समोरच्याला पुढं वाकून ऐकावं लागतं. आणि वाकला की संपलं! सत्ता ओरडत नाही हे त्यांना कळलं होतं. ज्याच्या एका शब्दावर उभी पिकं जळतात, माणसं गाव सोडतात, त्याला ओरडायची गरज काय? तो सुपारी कातरत कातरत बोलतो. वाक्य अर्धवट सोडतो, उरलेलं तुम्ही भीतीनं पूर्ण करता. हे निरीक्षण वाड्यात गादीवर बसून होत नाही. पायरीखाली उभं राहून वर बघणाऱ्यालाच दिसतं की मालक कुठल्या शब्दाआधी थांबतो. झारी धरलेल्या माणसानंच ते टिपलं, असं माझं मत आहे. पटकथा थिटी होती, नट थिटा नव्हता.

पटकथा जिथं मोठी मिळाली तिथं काय झालं ते 'सामना'त बघावं. साल 1975. दिग्दर्शक जब्बार पटेल, लेखक विजय तेंडुलकर, निर्माते रामदास फुटाणे. याच्यासाठी थोडं मागं जावं लागेल. 1958 च्या कायद्यानं महारवतन गेलं. 1962 च्या कायद्यानं वंशपरंपरेची पाटीलकी गेली. त्याच साली जिल्हा परिषदा आल्या. सहकारी साखर कारखाना तर प्रवरेला 1950 पासूनच उभा होता. म्हणजे पाटलाच्या हातातून कागदावरची पाटीलकी सुटली, आणि सोसायटी, कारखाना, झेडपी, शिक्षणसंस्था हातात आली. मराठी ग्रामीण सिनेमा मात्र वर्षानुवर्षं तोच वाडा, तीच बैठक दाखवत राहिला. 'सामना'नं पहिल्यांदा दाखवलं की पाटील वाड्यातून उठून कुठं गेला. हिंदूराव धोंडे-पाटील. साखरसम्राट. निळूभाऊंची ही सगळ्यात मोठी भूमिका, असं मी म्हणतो. कुणाला 'सिंहासन' म्हणायचं असेल त्यानं खुशाल म्हणावं.

हिंदूरावाला एक दारूडा म्हातारा मास्तर सापडतो. श्रीराम लागूंनी केलेला, स्वातंत्र्यलढ्यातून उरलेला, गांधींचं जुनं स्वप्न आणि नवी दारू दोन्ही अंगात असलेला. हिंदूराव त्याला घरी आणतो, खाऊ घालतो, पाजतो. इथं निळूभाऊंचं काम बघा. ते माया करतात. खरी माया! मास्तराशी बोलताना त्यांच्या डोळ्यांत करमणूक असते, कुतूहल असतं, थोडा आदरही असतो. या माणसाला आपण विकत घेऊ याबद्दल त्यांना शंकाच नाही, म्हणून ते मोकळेपणानं प्रेम करू शकतात. पाटलाची ही बाजू आपल्याला चांगली ठाऊक आहे. आपल्यातल्या किती कार्यकर्त्यांना असंच मायेनं जेवू घालून गप्प केलं ते आपण 1970 नंतरच्या तीस-चाळीस वर्षांत डोळ्यांनी बघितलंय. मार खाऊन फुटलेले थोडे, जेवून फुटलेले फार.

आणि मग मास्तर विचारायला लागतो, मारुती कांबळेचं काय झालं? पुन्हा पुन्हा विचारतो. नशेत विचारतो, शुद्धीत विचारतो. हा प्रश्न सिनेमाबाहेर पडून महाराष्ट्रात म्हणीसारखा वापरला गेला. विधानसभेत, वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत, नाक्यावर.

पण मित्रहो, ते आडनाव एकदा नीट ऐका. कांबळे. जो नाहीसा झाला तो कांबळे आहे. सिनेमा त्या नावाभोवती फिरतो, पण त्या आडनावापाशी थांबत नाही. तो गावाच्या कुठल्या टोकाला राहत होता, हिंदूरावाला नडला तेव्हा त्याच्या वस्तीचं काय झालं, याचा विचार करायला सिनेमाला सवड नाही. प्रश्न विचारण्याचा मान बाहेरून आलेल्या मास्तराला. मेलेल्याचं काम मोहन आगाशेंनी केलं. नट चांगला, प्रश्न तो नाही. प्रश्न असा की मारणारा पूर्ण माणूस म्हणून दिसतो, त्याची माया दिसते, त्याचा घाम दिसतो. विचारणारा पूर्ण माणूस म्हणून दिसतो, त्याची लाज दिसते. आणि मेलेला उरतो एक नाव म्हणून. 'सामना'वर उदंड लिहिलं गेलं. लागू आणि फुले यांच्या जुगलबंदीवर पानंच्या पानं. मारुतीच्या आडनावावर मी वाचलं ते एवढंसं.

त्यानंतर तीनच वर्षांनी, ऑगस्ट 1978 मध्ये, मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला म्हणून गावंच्या गावं पेटवली गेली, तेव्हा नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचिराम कांबळेला मारलं. हे पडद्यावरचं नव्हे. तिथं एकटा हिंदूराव नव्हता, जमाव होता. पोचिराम कांबळेचं काय झालं हे विचारत फिरणारा मास्तर त्या गावांतून आला नाही. विचारलं ते आपणच.

'सखाराम बाइंडर'बद्दल थोडक्यात, पण सांगितलंच पाहिजे. 1972 साल. त्याच साली दलित पँथर उभी राहिली, त्याच साली नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला, त्याच साली बावड्याचा बहिष्कार झाला, आणि दुष्काळात बाबा आढाव 'एक गाव एक पाणवठा' म्हणत गावोगाव हिंडत होते. आणि त्याच साली कमलाकर सारंगांनी तेंडुलकरांचं हे नाटक उभं केलं. सखाराम निळूभाऊ, चंपा लालन सारंग. परिनिरीक्षण मंडळानं बत्तीस काटछाटी सांगितल्या, नाटक बंद पडलं, सारंग हायकोर्टात गेले आणि जिंकले. ती लढाई मोलाची होती. निळूभाऊंनी त्यात उभा केलेला सखाराम, मृदंगावर थाप टाकणारा, बाई आणून ठेवणारा, खरं बोलण्याचा माज असणारा, हे मराठी रंगभूमीवरच्या थोड्या मोठ्या कामांपैकी एक.

पण सखाराम जातीनं ब्राह्मण. आणि आपण कसे रांगडे, शिवराळ, कशाची पर्वा न करणारे, हे सांगताना त्याला आपल्या, म्हणजे तुमच्या-माझ्या, जातीचं नाव लागतं. जन्म ब्राह्मणाचा, वागणं महाराचं, अशा अर्थाचं. गदारोळ झाला तो शय्येवरून, लग्नावरून, शिव्यांवरून. त्या मापावर, की घाण म्हणजे महार, किती जणांचं बोट गेलं? तेंडुलकर सखारामचं तोंड दाखवत होते, स्वतःचं मत नव्हे, असं कुणी म्हणेल. मान्य. तरी सभागृहात हशा आला असेल तो सखारामवर की आमच्यावर, हे मला अजून सांगता येत नाही. आणि तो शब्द ज्याच्या तोंडून निघत होता तो नट स्वतः माळी काम केलेला, ब्राह्मणेतर. पांढरपेशा प्रेक्षकाला ब्राह्मणाची घसरण बघायला बाहेरचा देह लागला की काय, असाही विचार मनात येतो. चुकत असेन तर पुढच्या अंकात कुणीतरी मला झोडा.

'सिंहासन' 1979 चं. अरुण साधूंच्या कादंबऱ्यांवरचं. त्यात निळूभाऊ पाटील नाहीत, मंत्री नाहीत, तर पत्रकार दिगू टिपणीस आहेत. सगळं बघणारा, सगळं कळणारा, आणि काहीच न करू शकणारा. ज्या चेहऱ्याला महाराष्ट्र सत्तेचा चेहरा म्हणून ओळखत होता त्याच चेहऱ्यावर जब्बार पटेलांनी सत्तेपुढची हतबलता ठेवली. हिंदीत मात्र पुन्हा बहुतेक खलनायकच. महेश भट्टच्या 'सारांश'मधला (1984) पुढारी तेवढा लक्षात राहतो, बाकी पोटापाण्याचं.

आणि पडद्याबाहेरचा माणूस? तो आपल्या बाजूचा होता, हे निर्विवाद. सामाजिक कृतज्ञता निधीसाठी, म्हणजे चळवळीत पूर्णवेळ राबणाऱ्या कार्यकर्त्यांना हातखर्च मिळावा म्हणून, लागू आणि इतर कलावंतांबरोबर ते उभे राहिले. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामाला त्यांनी आपलं नाव दिलं, वेळ दिला. खेड्यातल्या बाया ज्याच्या नावानं बोटं मोडायच्या तो माणूस घरी साधा, वाचणारा, सभ्य, हे तर आता सगळेच सांगतात. पण याच ठिकाणी आपली फसगत होते. "माणूस चांगला होता" म्हटलं की त्याच्या कामाची तपासणी बंद. मोठ्या माणसाला हार घालून गप्प बसवायची ही रीत आपणही उचलली. निळूभाऊंना हार नको, त्यांच्या भूमिका नीट बघणारे डोळे पाहिजेत.

बाबासाहेबांनी 4 नोव्हेंबर 1948 ला घटना समितीत गावाबद्दल जे सांगितलं ते तुम्हाला पाठ आहे. गाव म्हणजे कोतेपणाचं, अज्ञानाचं, जातीयतेचं डबकं. त्यांनी पाटलाला वाईट म्हटलं नाही, गावाला म्हटलं. मराठी ग्रामीण सिनेमानं नेमकं उलटं केलं. गाव गोड ठेवलं आणि पाटील कडू केला. हिरवं रान, भोळी माणसं, मोटेचं पाणी, आणि एक नासका आंबा. तो आंबा काढून टाकला की आढी चांगली! निळू फुल्यांना चाळीस वर्षं तो नासका आंबा व्हायला लावलं. त्यांनी तो इतका खरा केला की आढीकडं कुणी बघितलंच नाही. हा त्यांच्या कलेचा विजय आणि आपला तोटा, दोन्ही एकदम.

कॅमेरा गावकुसाबाहेर यायला 2013 उजाडलं. नागराज मंजुळेच्या 'फँड्री'त पाटलाचा वाडा मधोमध नाही. तिथं डुकरामागं पळणारं घर आहे आणि हसणारं गाव आहे. अख्खं गाव हसतं, शिकलेली पोरं हसतात. शेवटचा दगड थेट आपल्या, म्हणजे बघणाऱ्याच्या, तोंडावर येतो. तंबूतले आमचे पाटील त्या दिवशी खुर्चीवर असते तर त्यांना हसता आलं असतं का, हे मला बघायचं होतं. 'सैराट' (2016) बघताना त्यांना गाण्यांवर ताल धरता आला असता, शेवट मात्र गिळावा लागला असता. तिथं बापाला आवाज चढवावा लागत नाही. ते शांतपण बघताना मला निळूभाऊ आठवले.

आता त्या नकलेकडं परत येतो. नक्कल करणाऱ्या पोराला मी नंतर विचारलं, हे वाक्य कुठल्या सिनेमातलं रे? त्याला सांगता आलं नाही. 'सामना' बघितलास का? नाही. 'सिंहासन'? नाव ऐकलंय. त्यानं दुसऱ्या नकलाकाराची नक्कल केली होती, त्या दुसऱ्यानं तिसऱ्याची. मूळ माणूस कधीच गळून पडला, उरला एक टॉवेल आणि एक घोगरा आवाज. ज्या आवाजानं माझी आई अंधारात शिव्या द्यायला धजावली त्या आवाजाला आपण जयंतीच्या मांडवात गुदगुल्यांचं साधन केलं. त्यात पोराचा दोष थोडा, माझा जास्त. मी ते सिनेमे बघितले होते, आणि तरी हसलो.

पुढच्या महिन्यात आमच्या वस्तीच्या विहारात 'सामना' दाखवायचं ठरवलंय. पडदा म्हणून चादर, प्रोजेक्टर एका दोस्ताचा. नकलाकार पोराला पुढं बसवणार आहे. मावशीला विचारलं, येतेस का? म्हणाली, "त्यो मेला असंल तर येते." म्हटलं, गेला, 2009 लाच गेला. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "त्यो नट न्हवं रं. आपला पाटील."